सांगितलं तेच लिहिणाऱ्या आक्का

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंतच शाळेत गेले. पुढच्या वर्षी आईनं पाटीच्या जागी मांडीवर विड्यांचं सूप दिलं. तेव्हापासून माझी बोटं पान कातरायची, तंबाखू भरायची आणि दोरा बांधायची, एवढंच शिकली. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. ही वही आक्कांनी दिलेली आहे आणि तिची मागची पानं कोरी आहेत, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहिते आहे. आक्का असत्या तर त्यांनी यातली एकही चूक सुधारली नसती. समोरची बाई जे सांगेल तेच लिहायचं, आपल्या मनानं त्यात काही घालायचं नाही की काढायचं नाही, असा त्यांचा नेम होता. त्या नेमाचं मला तेव्हा कौतुक वाटायचं. आता वाटतं, एकदा तरी त्यांनी तो मोडायला हवा होता.

आक्का बेळगावच्या वडगावच्या. घरी माग होते, साड्या विणायचे. त्या दर बुधवारी बसनं निपाणीला यायच्या, दवाखान्यातर्फे आमचा गट घ्यायला. गट म्हणजे आम्ही आठ बायका. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हाला झोपेच्या, मनाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि गोळीबरोबर बुधवारी दुपारी गटात जाऊन बसा असं सांगितलं होतं. गल्लीतले लोक त्याला रडणाऱ्या बायकांची मीटिंग म्हणायचे. मला नवरा वारल्यावर बोलताच येईना झालं होतं. आधीही मी फार बोलायची नाही, पण त्यानंतर दुकानात साखर घ्यायची तरी नुसतं बोट दाखवायची. शेजारची महादेवी मला हाताला धरून पहिल्या दिवशी घेऊन गेली. तिला स्वतःला रात्र रात्र झोप नव्हती, पण बोलायला ती चार जणींना पुरी पडायची.

आम्हाला जागा मिळाली होती अंगणवाडीची खोली. मुलं जेवून घरी गेली की आम्ही बसायचो. भिंतीवर मुलांची उंची मोजायला एक जिराफ रंगवलेला होता, त्याच्या मानेवर आकडे होते. कोपऱ्यात बाळांचं वजन करायची झोळी टांगलेली असायची. आक्का अंगाने चांगल्या भरलेल्या, तरी त्या मुलांच्या बुटक्या खुर्चीवरच बसायच्या, गुडघे वर आणि त्या गुडघ्यांवर कागदांचा गठ्ठा. पहिल्याच दिवशी महादेवी झोळीकडे बघून म्हणाली, "आक्का, आमालाबी हिच्यात घालून वजन करा, म्हंजे किती बऱ्या झालो ते कळंल." आक्का हसल्या. म्हणाल्या, "लेकराचं काट्यावर कळतं गं. तुझ्या मनाचं मला तूच सांगायला पायजे. माझ्याजवळ दुसरा काटा न्हाय."

दर महिन्याला त्या प्रत्येकीला नऊ प्रश्न विचारायच्या. कागद कन्नडमध्ये छापलेला असायचा, त्या वाचता वाचता मराठी करायच्या. गेल्या पंधरा दिवसांत झोप किती दिवस लागली नाही, जेवण किती दिवस गेलं नाही, काही करावंसं वाटलं नाही असं किती दिवस झालं. एकही दिवस नाही म्हटलं की शून्य, रोज म्हटलं की तीन. मग सगळ्याची बेरीज. आकडा जास्त म्हणजे त्रास जास्त. हे आमच्या डोक्यात शिरायला दोन महिने गेले, कारण शाळेत गेलेल्यांना आणि न गेलेल्यांनाही जास्त मार्क म्हणजे चांगलं एवढंच माहीत. महादेवीला एकवीस आले आणि मला अठरा, तेव्हा तिनं मला दिवसभर चिडवलं होतं, की बघ, मी हुशार.

आक्का उत्तर लिहायच्या आणि लगेच वाचून दाखवायच्या. "तीन. बरोबर?" आपण मान हलवली की पुढचा प्रश्न. एकदा एका बाईनं जेवण रोज नीट जातं असं सांगितलं आणि तिचा ब्लाउज तर खांद्यावरून घसरत होता. आम्ही सगळ्या आक्कांकडे बघू लागलो. आक्कांनी शून्य लिहिलं, वाचून दाखवलं आणि गप्प राहिल्या. बराच वेळ राहिल्या. शेवटी ती बाईच म्हणाली, "न्हाय आक्का, तीन लिवा." तेव्हा त्यांनी शून्य खोडून तीन केलं. नंतर महादेवीनं विचारलं, की तुम्हाला दिसत होतं तर आधीच तीन का नाही लिहिलं. आक्का म्हणाल्या, "मी लिवलं असतं तर ते माझं झालं असतं. तिचं तिनं सांगितलं न्हवं?"

कोणी रडायला लागलं तर त्या रडू नको असं म्हणायच्या नाहीत. पाण्याचा तांब्या हळूच त्या बाईकडे सरकवायच्या आणि मांडीवरचे कागद उलटे करून ठेवायच्या. ती प्यायली की पुन्हा कागद सरळ.

पण त्यांचा खरा भरवसा त्या छापील कागदावर नव्हता. तो वर पाठवायचा कागद. त्यांच्या पिशवीत शाळेची दोनशे पानी वही असायची, तीच ही. तिच्यात प्रत्येकीच्या नावापुढं एक खूण लिहिलेली. आज जे करायला जमत नाही आणि ज्या दिवशी जमेल त्या दिवशी आपण बऱ्या झालो असं समजायचं, अशी एकच गोष्ट, ती ज्या त्या बाईनं स्वतः सांगायची. महादेवीनं सांगितलं, दुपारी टीव्ही चालू असताना डुलकी लागली पाहिजे. शेवंता म्हणून एक होती, तिचा मुलगा हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याच्या चपला तिच्या दारात तशाच होत्या, वर्ष होऊन गेलं तरी. कोणाला हलवू देत नव्हती. तिनं दोन बुधवार काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या बुधवारी म्हणाली, "त्येच्या चपला मी माझ्या हातानं उचलून आत ठेवंन." आक्कांनी तेवढंच लिहिलं.

माझी खूण महादेवीमुळे सांगितली गेली. नवरा वारला त्या आठवड्यात घरात कारखान्याचं पान आणि तंबाखू पडून होता. सुतकात विड्या कशा वळणार, म्हणून मी तो महादेवीबरोबर परत पाठवला. तिथल्या कारकुनानं माल ठेवून घेतला पण लिहून घेतला नाही. पुढं मी कामाला लागले तेव्हा त्या मालाची किंमत तो दर आठवड्याला माझ्या मजुरीतून कापू लागला. असे अठराशे रुपये कापले. मला त्याला एवढंच सांगायचं होतं, की माल परत आला होता. मी दर शनिवारी कारखान्यात विड्यांचे कट्टे, म्हणजे बांधलेल्या जुड्या, मोजून द्यायची, कारकुनाच्या खिडकीपाशी उभी राहायची आणि काही न बोलता घरी यायची. हे सगळं गटात महादेवीनंच सांगितलं आणि ती माझ्यासाठी भांडायला तयार होती. आक्का तिला म्हणाल्या, "तू भांडलीस तर पैसे मिळतील. पण ती खूण तुझी हुईल, पारूची न्हाय." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, लिहू का. मी मान हलवली. त्यांनी लिहिलं, आणि वाचून दाखवलं: पारू कारकुनाला स्वतः विचारेल.

त्यानंतर दर बुधवारी त्या मला जाता जाता विचारायच्या, "इचारलंस?" मी नाही म्हणायची. त्या "बरं" म्हणायच्या. त्या "बरं" मध्ये राग नसायचा की घाई नसायची. मागावर एक साडी किती दिवस चालते ते त्यांनी लहानपणापासून बघितलं होतं, त्यामुळे असेल.

आठ महिन्यांत आमचे आकडे जेमतेम हलले होते. महादेवी एकवीसवरून अठरावर आली होती. मी सतरावर. शेवंता जिथं होती तिथंच. पण आकड्यात न दिसणारंही काही चाललं होतं. शेवंता एका बुधवारी म्हणाली की तिनं चपलांवरची धूळ पुसली. पुसली आणि पुन्हा तिथंच ठेवल्या, डावी-उजवी नीट लावून. आक्कांनी वही काढली आणि तिच्या खुणेखाली बारीक अक्षरात तेही लिहिलं. ते अजून इथं आहे.

मग बेळगावहून साहेब आले. या गटांचं काम बघणारे. ते एका बाजूला उभे राहून आक्कांशी कन्नडमध्ये बोलू लागले. आम्ही आपसात मराठी बोलत होतो म्हणून त्यांना वाटलं असेल की आम्हाला कळणार नाही. निपाणीत राहून कोणाला कन्नड कळत नाही? ते म्हणत होते, बाकीच्या गावांतले आकडे खाली आले, तुमच्या गटाचा आकडा हलतच नाही, मग मी वर काय सांगू. आक्का काहीतरी हळू बोलल्या, ते ऐकू आलं नाही. साहेब घड्याळ बघत गेले. आक्का परत बुटक्या खुर्चीवर बसल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "हां, कुठं हुतो आपण?"

दुसऱ्या दिवशी नळावर महादेवीनं सगळ्यांना गोळा केलं. म्हणाली, आपल्यापायी आक्कांची नोकरी जाणार. आपण आठ जणी आठ महिने नुसत्या रडतोय आणि ती बाई बेळगावाहून धक्के खात येतीय. साहेबाला कमी आकडा पाहिजे ना, मग देऊ कमी. काय लागतंय? "शून्य म्हणायचं. तोंड काय झिजतंय?" कोणी नाही म्हटलं नाही. शेवंतानंही मान हलवली. मला ते बरोबर वाटलं. ज्या बाईनं आपल्यासाठी एवढं केलं तिच्यासाठी एवढंही करू नये का, असंच मला वाटलं. पाहुणा विचारतो जेवलात का, आणि आपण उपाशी असलो तरी जेवलो म्हणतो, त्यातलंच हे.

पुढच्या महिन्याचे प्रश्न आले. महादेवी पहिली बसली. झोप? "लागती की, मस्त लागती." आक्कांनी शून्य लिहिलं, वाचून दाखवलं, आणि तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बघितलं. मग दुसरी, तिसरी. शेवंता म्हणाली, मन बरं आहे. सगळ्यांचे आकडे दोन, तीन, एक. आक्कांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. माझी पाळी शेवटची होती. प्रत्येक प्रश्नाला मी शून्य म्हणत गेले. नऊ शून्य. बेरीज करायचीही गरज नव्हती.

आक्कांनी कागद बाजूला ठेवला आणि वही उघडली. "पारू, कारकुनाला इचारलंस?"

मी म्हणाले, "न्हाय."

"आनि झोप लागती, जेवान जातंय, मन बरं हाय."

"व्हय."

 आक्का आवाज अगदी मऊ करून म्हणाल्या, "तू सांगशील तेच मी लिवणार गं."

आणि थांबल्या. त्या दिवशी जेवण न जाणाऱ्या बाईसाठी थांबल्या होत्या तशाच. मला कळत होतं की त्यांना कळलं आहे. मी एक शब्द बोलले असते तर बाकीच्या सात जणीही बोलल्या असत्या, कारण सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या.  पण महादेवीनं मला चिमटा काढला आणि मी भिंतीवरच्या जिराफाकडे बघत बसले. त्याच्या मानेवरचे आकडे मी खालून वर वाचले आणि वरून खाली वाचले. आक्कांनी कागद उचलला, आमच्या सह्या आणि अंगठे घेतले आणि पिशवीत ठेवला. जाता जाता त्यांनी मला काही विचारलं नाही.

दीड महिन्यानं वरून पत्र आलं. निपाणीच्या गटातल्या सगळ्या बायका बऱ्या झाल्या, काम पूर्ण झालं, गट बंद करावा. आक्कांना खानापूरकडं गुंजीच्या बाजूला नवा गट दिला होता. हे त्यांनी आम्हाला शेवटच्या बुधवारी सांगितलं, पत्र वाचून, एकही शब्द न गाळता.

महादेवी रडायलाच लागली. तिनं सगळं सांगितलं, साहेबांचं बोलणं, नळावरचं ठरवणं.  आक्का म्हणाल्या, "माझी नोकरी वाचवायला व्हय? अगं येड्यांनो, माझी नोकरी हितं न्हायतर तिथं चालूच ऱ्हाणार हुती. गट तुमचा हुता." थोड्या वेळानं त्यांनी सांगितलं की साहेब आले त्याच दिवशी त्यांनी त्यांना अर्ज दिला होता. या बायकांचा आकडा हलत नाही म्हणजे त्यांना वेळ जास्त लागणार आहे, अजून सहा महिने द्या, म्हणून. साहेब हो म्हणाले होते. मग आमचे शून्य गेले.

मी मनातल्या मनात म्हणत होते, की तुम्हाला तर दिसत होतं. तुम्ही का लिहिलंत? हे मी तोंडानं विचारलं नाही. पण त्यांनी माझ्याकडे बघून आपणहूनच उत्तर दिलं. "मलाबी लई वाटलं, हातानं दुरुस्त करावं म्हणून. बसमधी बसून कागूद दोनदा काढला. चुकलं आसंल माझं." एवढं म्हणून त्यांनी तांब्या उचलला आणि पहिल्यांदाच स्वतः पाणी प्यायल्या.

निघताना त्यांनी ही वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "वरच्यांना हिचा उपेग न्हाय, त्यांना आकडेच पायजेत. तू वाचू शकतीस. जिची खूण हुईल तिच्या नावापुढं तारीख घाल." मी त्यांना बसस्टँडपर्यंत पोचवायलाही गेले नाही.  महादेवी गेली होती.

नंतर त्या दोन-तीनदा महादेवीच्या फोनवर बोलल्या. महादेवी माझ्या कानाला फोन लावायची. मला फक्त व्हय आणि न्हाय येत होतं. "इचारलंस?" "न्हाय." "बरं." गट मोडल्यावर शेवंता पुन्हा घरात बसली. बुधवारी दुपारी तिच्या दाराला आतून कडी असायची. चपलांवर धूळ चढली. नळावर भेटलो तरी आम्ही एकमेकींना कसं आहे म्हणून विचारत नव्हतो. विचारून काय, उत्तर ठरलेलं होतं.

मग फोन येणं बंद झालं. यंदा उन्हाळ्यात महादेवीनं आपणहून लावला तर आक्कांच्या भावानं उचलला. आक्का जाऊन महिना झाला होता. काविळीचं निमित्त झालं. आम्हाला कोण कळवणार? त्यांच्या वहीतली नावं तर माझ्याजवळ होती.

त्या शनिवारी मी कट्टे मोजून दिले आणि खिडकीपाशी उभी राहिले. कारकून म्हणाला, झालं की, जा. मी गेले नाही. माझा आवाज एवढा बारीक निघाला की त्याला दोनदा विचारावं लागलं. मी म्हणाले, "माझा नवरा गेला त्या आठवड्यात माल परत आलता. तुमी लिवून घेतला न्हाय. माझं अठराशे कापलं." तो म्हणाला, आता कशाला जुनं काढतेस बाई. मी म्हणाले, "महादेवीनं आणलता. तिला बोलवू का?" मागं रांगेत बायका थांबल्या होत्या, त्या पुढं सरकल्या. तो माझ्याकडे बघत राहिला, मीही तिथंच थांबले. थांबायचं कसं ते मी आक्कांचं बघून शिकले होते. शेवटी त्यानं जुनी वही काढली. त्या आठवड्यात माझ्या नावावर दिलेला माल होता आणि विडी एकही जमा नव्हती. रांगेतल्या बायकांकडं बघून तो म्हणाला, एकदम नाही जमणार, तीन वेळा देतो.

घरी येऊन मी वहीत तारीख घातली नाही. पैसे हातात आल्याशिवाय घालायची नाही असं ठरवलं. दुसरं कारण असं, की ती तारीख मी कोणाला वाचून दाखवणार होते?

आता बुधवारी दुपारी मी शेवंताच्या दारात जाऊन बसते. पहिले तीन बुधवार तिनं कडी काढली नाही. चौथ्या वेळी काढली. मी चपलांना हात लावत नाही. पाण्याचा तांब्या मधे ठेवते. या बुधवारी मी तिला नऊ प्रश्न विचारले, मला तोंडपाठ आहेत. ती झटक्यात म्हणाली, बरी हाय की मी. मी ते लिहिलं, वाचून दाखवलं आणि गप्प बसले. समोरच्या घरातलं पोरगं शाळेतून आलं, जेवलं, पुन्हा खेळायला गेलं. तेव्हा शेवंता म्हणाली, "तीन लिव. समद्याला तीन लिव." मी लिहिलं. त्या दिवशी अंगणवाडीत मी एवढंच म्हणायला पाहिजे होतं.

आज शनिवार. कारकुनानं उरलेले सहाशे दिले. मी खिडकीपाशीच मोजले, आधीचे बाराशे धरून अठराशे पुरे झाले. त्यानं वहीत माझी सही घेतली. घरी येऊन मी माझ्या खुणेपुढं आजची तारीख घातली आणि एकटीनंच मोठ्यानं वाचली.